पुंजी आणि प्रवास

काटकसर हा शब्द आमच्या शाळांतून इतक्या वेळां उच्चारला गेला आहे कीं, तो कानावर पडतांच विद्यार्थी खिडकीबाहेर पाहूं लागतात. त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. आपण वडील माणसें काटकसरीचा उपदेश करतों तो बहुधा कडू औषधासारखा: हें घेऊं नका, तें खाऊं नका, दिवा मालवा, पैसे उडवूं नका. न उडविलेल्या पैशांचें पुढें करावयाचें काय, हें मात्र आपण सांगत नाहीं. ज्या वाटेच्या शेवटीं मुक्कामाचें गांव नाहीं, त्या वाटेनें चालण्याचा उत्साह मोठ्यांसहि राहत नाहीं. मग तो चौदा वर्षांच्या मुलानें कोठून आणावा? माझें मत असें आहे कीं, बचतीचें शिक्षण द्यावयाचें तर तिच्या शेवटीं कांहीं तरी दिसलें पाहिजे, तें कोणत्या तारखेस हातीं येणार हें ठाऊक असलें पाहिजे, आणि तिथवर पोहोंचण्याचा हिशेब मुलाला स्वतःच्या हातानें मांडतां आला पाहिजे. असें साधन आपल्या शाळांपाशीं दर वर्षीं तयारच असतें. तें साधन म्हणजे वार्षिक सहल होय.

सहलीची आजची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. डिसेंबर महिन्यांत सूचनाफलकावर कागद लागतो: जानेवारीच्या अखेरीस तीन दिवसांची सहल, अजिंठा व वेरूळ, वर्गणी १,८०० रुपये, तीन आठवड्यांच्या आंत भरावी. पहिल्या दोन दिवसांत कांहीं नांवें येतात, पुढील आठवड्यांत आणखी कांहीं येतात, आणि कांहीं नांवें कधींच येत नाहींत. विचारलें तर उत्तरें ठरलेलीं असतात: घरीं लग्न आहे, आजी आजारी आहे, मला गाडी लागते. एका वर्षीं एकाच तुकडींतील सात मुलांना एकदम गाडी लागत असल्याचें आढळून आलें, तेव्हां हा विकार पोटाचा नसून खिशाचा आहे, हें वैद्यास न विचारतांहि समजलें. जो मुलगा मागें राहतो तो केवळ तीन दिवस गमावतो असें नव्हे. सहल परत आल्यावर आठवडाभर वर्गांत दुसरी गोष्ट निघत नाहीं. मराठीच्या तासाला ‘आमची सहल’ हा निबंध लिहावयास दिला जातो. आणि न गेलेला मुलगा न पाहिलेल्या लेण्यांचें वर्णन पुस्तकांतून उतरून काढतो. त्या निबंधास गुण देतांना शिक्षकाची लेखणी अडखळते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ज्याच्या घरीं अडचण आहे त्यानें सहलीस जाऊं नये. सहल म्हणजे कांहीं भाकरी नव्हे. हें बोलणें वरवर शहाणपणाचें दिसतें, परंतु मला तें मान्य नाहीं. ज्या मुलानें तालुक्याबाहेर पाऊल टाकिलें नाहीं, त्याला भूगोल म्हणजे नकाशावरील रंग आणि इतिहास म्हणजे सनावळी. अजिंठ्यांतील बहुतेक चित्रें सुमारें पंधराशें वर्षांपूर्वींचीं आहेत, हें वाक्य वर्गांत पाठ होतें. तें खरें वाटतें तें तेथील लेण्यांत उभें राहिल्यावर. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या, तेव्हां त्या प्रवासाच्या खर्चास ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. त्यांना प्रवास ही चैन वाटली नाहीं. तें एक काम वाटलें, आणि म्हणून त्याची तजवीज त्यांनीं आधीं केली. आमच्या मुलांसहि हेंच शिकवावयाचें आहे. प्रवास वाईट नाहीं. तजविजीवांचून केलेला प्रवास वाईट.

आतां ज्या घरांतून ‘होय’ असें उत्तर येतें, तेथें काय घडतें तें पाहूं. रोजंदारीवर चालणाऱ्या घरांत तीन आठवड्यांत १,८०० रुपये मोकळे सांपडत नाहींत. मग ते उसने काढले जातात. गल्लींतील उसनवारीचा दर दरमहा शेंकडा पांच असा सर्रास ऐकूं येतो. १,८०० रुपयांवर दरमहा पांच टक्के म्हणजे ९० रुपये. मुद्दल दहा महिन्यांनीं फेडलें, तर व्याजाचेच ९०० झाले, आणि १,८०० रुपयांची सहल २,७०० रुपयांस पडली. तेच १,८०० रुपये जूनच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, दिवाळीची सुट्टी वगळून, तीस आठवड्यांत भरावयाचे ठरले, तर आठवड्यास ६० रुपये पडतात. म्हणजे दिवसास नऊ रुपयांहूनहि कमी. मुलगा तोच, सहल तीच, लेणीं तींच. फरक एवढाच कीं, एका रीतींत काळ सावकाराच्या घरीं राबतो, आणि दुसऱ्या रींतीत तो आपल्या घरीं राबतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. सहल कोठें जावयाची आणि तीस अंदाजें किती खर्च येईल, हें जून महिन्यांत शाळा उघडतांच जाहीर व्हावें. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवानें एक लहानसें पुस्तक करावें, दर सोमवारीं त्यांत जमलेली रक्कम मांडावी, आणि ती रक्कम त्याच दिवशीं सहलीच्या स्वतंत्र खात्यांत भरावी. हें काम कांहीं नवें नाहीं. काहीं वर्षांपूर्वीं आमच्या अनेक शाळांत ‘संचयिका’ नांवाची विद्यार्थ्यांची बँक चालत असे, आणि तींत मुलेंच खजिनदार व मुलेंच कारकून असत. ज्या मुलानें एकदां संचयिकेचा हिशेब जुळविला आहे, त्याला जमा आणि नांवें ह्यांतील भेद जन्मभर विसरत नाहीं.

थोडी थोडी बचत करून मोठा हेतु साधण्याची ही कल्पना किती जुनी आणि किती कसाला लागलेली आहे, हें दाखविण्यास तीन उदाहरणें पुरीं होतील.

पहिलें स्कॉटलंडमधील. तेथील रुथवेल नांवाच्या खेड्यांत रेव्हरंड हेन्री डंकन हे धर्मोपदेशक होते. त्या काळीं तेथील बँकांत खातें उघडण्यास दहा पौंड लागत, आणि शेतमजुराच्या हातीं एकदम दहा पौंड येणें अशक्यच होतें. डंकन ह्यांनीं १८१० सालीं सहा पेन्सदेखील स्वीकारणारी पेढी काढिली. ही कल्पना लवकरच इतरत्र पसरली. पुढें १८६१ सालीं ब्रिटनच्या टपालखात्यानें आपली बचत बँक सुरू केली, आणि १८८२ सालीं हिंदुस्थानांतहि पोस्टाची बचत बँक उघडली. आज खेड्यांतील पोस्टाच्या खिडकीशीं आपलें पासबुक पुढें करणारी म्हातारी त्याच परंपरेंतील आहे, मग तिनें रुथवेलचें नांव कधीं ऐकलेलें नसो.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांतील. तेथील कापडाच्या गिरण्या वर्षांतून एक आठवडा बंद राहत. त्या आठवड्यास ‘वेक्स’ म्हणत. गिरणी बंद म्हणजे मजुरीहि बंद. कारण पगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्यें १९३८ सालीं झाला. तरीहि ओल्डहॅमसारख्या गांवांतील हजारों गिरणीकामगार बायकामुलांसह त्या आठवड्यांत ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जात. तें त्यांना कसें साधे? त्यांनीं ‘गोइंग ऑफ क्लब’ नांवाच्या मंडळ्या काढल्या होत्या. प्रत्येकजण आठवड्याच्या मजुरींतून चार नाणीं मंडळींत भरी, आणि सुट्टीच्या आदल्या दिवसांत सर्व रक्कम परत घेई. त्या मजुरांस अर्थशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें; परंतु सुट्टीची तारीख ठाऊक होती, आणि ती पुरेशी झाली.

तिसरें उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटतें. मलायांतील खेडुत मुसलमान हजयात्रेसाठीं आयुष्यभर पैसा साठवीत. परंतु तो उशीखालीं, गादींत, मडक्यांत. तो वाढत तर नसेच, कधीं कधीं चोरीसहि जाई. शेवटीं कमी पडणारी रक्कम भरून काढण्यास ते जमीन व गुरें विकीत, आणि यात्रेहून परत आल्यावर त्यांच्यापाशीं पोट भरण्याचें साधन उरत नसे. उंगकू अझीझ ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९५९ सालीं ह्या दुःस्थितीवर एक योजना मांडिली, आणि तींतून १९६३ सालीं यात्रेकरूंच्या बचतीची संस्था कामास लागली. ‘तबुंग हाजी’ ह्या नांवानें ती पुढें प्रसिद्धीस आली. ही संस्था लहान लहान ठेवी घेते, त्या धर्मनियमानुसार व्याजाखेरीज अन्य मार्गांनीं उद्योगांत गुंतविते, आणि नफा ठेवीदारांस वांटून देते. यात्रा तीच राहिली. तिच्यापायीं शेत विकण्याची पाळी मात्र टळली. आमच्याकडे लग्नापायीं, घरापायीं आणि आतां प्रवासापायीं जीं कुटुंबें कर्जांत शिरतात, त्यांनीं ह्या उदाहरणाचा विचार करावा.

आपल्या घरींहि ह्या विद्येचा अगदींच अभाव नाहीं. आमच्या आयाबहिणी ‘भिशी’ लावितात. बारा जणींनीं दरमहा प्रत्येकीं ५०० रुपये द्यावे, आणि ज्या महिन्यांत जिची चिठ्ठी निघेल तिनें ६,००० रुपये उचलावे, ही रीत सोपी व स्नेहाची आहे. तिचा मोठा गुण हा कीं, भिशीचा हप्ता चुकविण्यास माणूस लाजतो. स्वतःला दिलेलें वचन मात्र तो खुशाल मोडतो. परंतु भिशीस व्याज नाहीं, आणि पैसे घेऊन एखादी बाई गांव सोडून गेली तर दाद मागण्यास जागा नाहीं. म्हणून भिशीची शिस्त घ्यावी, आणि तिला बँकेची सुरक्षितता जोडावी, असें मी म्हणतों.

आतां विद्यार्थ्यांशीं थोडें प्रत्यक्ष बोलतों. मुलांनो, बचतीचें पहिलें साधन गल्ला नव्हे. जमाखर्चाची वही होय. एक महिना जें हातीं आलें आणि जें हातचें गेलें, तें रोज रात्रीं लिहून ठेवा. लिहितांना लाजूं नका, आणि खोटें लिहूं नका. कारण ती वही दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांसाठीं नाहीं. महिन्याच्या अखेरीस बेरीज केली म्हणजे आपला पैसा आपण समजत होतों तेथें गेलेला नसून भलतीकडेच गेला आहे, असें बहुतेकांस दिसून येतें. दुसरा नियम असा कीं, खर्च करून उरेल तें शिल्लक टाकूं, असें म्हणूं नये. कारण उरत कांहींच नाहीं. आधीं बाजूला काढावें आणि मग उरलेल्यांत भागवावें. तिसरा नियम मोठ्यांसाठीं अधिक महत्त्वाचा आहे. जे खर्च वर्षांतून एकदांच येतात, ते अचानक आले असें म्हणण्याची आपल्यास खोड आहे. जून महिन्यांत वह्यापुस्तकें लागणार, नाताळ किंवा दिवाळी येणार, पावसाळ्यापूर्वीं छप्पर शाकारावें लागणार, हें पंचांगाइतकें निश्चित असतें. अशा खर्चांची बेरीज ३,६०० रुपये होत असेल, तर तो खर्च दरमहा ३०० रुपयांचा आहे असें समजून त्याची वेगळी पिशवी करावी. असें केल्यानें निम्मीं कर्जें जन्मासच येणार नाहींत.

पुंजी जमूं लागली म्हणजे ती ठेवावी कोठें, हा प्रश्न येतो. त्याचें उत्तर एकच आहे: ती कोणत्या दिवशीं लागणार आहे, ह्यावर तें अवलंबून आहे. जी रक्कम वर्षाच्या आंत लागणार, ती बचत खात्यांत किंवा लहान मुदतीच्या ठेवींत असावी. तेथें व्याज थोडें मिळतें, परंतु मागतांच पैसा मिळतो. दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलास स्वतःच्या सहीनें चालविण्याचें बचत खातें पोस्टांत उघडतां येतें. बँकांसहि रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं तशी स्पष्ट मुभा दिली आहे. जी रक्कम चारपांच वर्षांनीं लागणार, तीसाठीं पोस्टाची पांच वर्षांची आवर्ती ठेव आहे. दरमहा १०० रुपयांपासून तीस आरंभ करतां येतो. आणि जी रक्कम पंधरा वर्षांनंतर लागणार, म्हणजे मुलाचें उच्च शिक्षण, घर, किंवा म्हातारपण, तीसाठीं सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीसारखी योजना आहे. ही योजना १९६८ सालीं सुरू झाली. तिची मुदत पंधरा वर्षांची असून वर्षाकाठीं किमान ५०० रुपये भरावे लागतात.

ह्या शेवटल्या प्रकाराचा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. एखाद्या आईनें आपल्या लेंकरासाठीं वर्षास ६,००० रुपये, म्हणजे महिन्यास ५०० प्रमाणें, वर्षाच्या आरंभीं भरले, आणि एप्रिल २०२० मध्यें ठरलेला ७.१ टक्के हा दर पंधरा वर्षें टिकला असें धरिलें, तर तिचे भरलेले ९०,००० रुपये सुमारें १ लाख ६२ हजार होतात. वरचे ७२ हजार तिनें कमावले नाहींत. ते काळानें कमावून दिले. ह्यांतील एक बारीक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. ह्या खात्यांत महिन्याच्या पांच तारखेनंतर भरलेल्या रकमेस त्या महिन्याचें व्याज मिळत नाहीं. म्हणून पांच तारखेच्या आंत भरावें. परंतु शिक्षकानें हिशेबाची दुसरी बाजूहि दाखविली पाहिजे. महागाई दरसाल सहा टक्के वाढली, तर आज १०० रुपयांस मिळणारी वस्तु पंधरा वर्षांनीं सुमारें २४० रुपयांस मिळेल. ह्यास्तव घरीं पेटींत ठेवलेला पैसा जागच्या जागीं राहतो, असें समजणें चूक आहे. तो रोज थोडा थोडा झिजत असतो. झिजण्याचा आवाज मात्र होत नाहीं.

कोणी विचारील, मग भागबाजाराचें काय? १९६४ सालीं युनिट ट्रस्टचें काम सुरू झाल्यापासून सामान्य माणसाचा लहान पैसाहि अनेक कंपन्यांच्या भागांत विभागून गुंतविण्याची सोय आपल्या देशांत आहे, आणि आतां म्युच्युअल फंडांची संख्या पुष्कळ झाली आहे. ती सोय वाईट नाहीं. परंतु ती कोणत्या पैशासाठीं आहे हें समजलें पाहिजे. मुंबईच्या भागबाजाराचा निर्देशांक, ज्यास सेन्सेक्स म्हणतात, जानेवारी २००८ मध्यें २०,००० च्या वर होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो ९,००० च्या खालीं आला. २०१० च्या अखेरीस तो पुन्हा २०,००० वर पोहोंचला. आतां दोन माणसें डोळ्यांपुढें आणा. एकानें डिसेंबर २००८ मधील प्रवासाचे पैसे त्या बाजारांत ठेविले होते. दुसऱ्यानें वीस वर्षांनंतरच्या म्हातारपणाचे. बाजार एकच, पडझड एकच. पहिल्याचा प्रवास बुडाला; दुसऱ्यास नुसतें थांबावें लागलें. म्हणून जवळच्या तारखेचा पैसा चढउताराच्या जागीं ठेवूं नये, आणि लांबच्या तारखेचा पैसा भीतीनें उशीखालीं ठेवूं नये. आमच्या घरांत बहुधा ह्याच्या उलट चालतें.

ह्याच ठिकाणीं एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. आमच्या जुन्या धर्मशास्त्रांत ‘दामदुपट’ नांवाचा नियम होता, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंहि तो मानीत. त्याचा अर्थ असा कीं, सावकारानें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये. ज्या शब्दानें ऋणकोचें रक्षण केलें, तोच शब्द आतां ‘दामदुप्पट योजना’ म्हणून भोळ्यांस गळाला लावण्यास वापरला जातो. त्यावर एक सोपें गणित आहे. बहात्तर ह्या संख्येस व्याजाच्या दरानें भागावें. जें उत्तर येईल, तितक्या वर्षांत रक्कम सुमारें दुप्पट होते. सात टक्क्यांनीं दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. कोणी दोन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणाला, तर तो वर्षास छत्तीस टक्क्यांहूनहि अधिक देण्याचें वचन देत आहे. असा कोणता धंदा तो करितो, हें त्यास विचारावें. आणि उत्तर मिळेपर्यंत पैशाच्या पिशवीची गांठ सोडूं नये. बँकेंतील ठेवीसहि मर्यादा आहे, हें विसरूं नये. आपल्या देशांत ठेवींचा विमा १९६२ सालीं सुरू झाला. फेब्रुवारी २०२० मध्यें त्याची मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारामागें ५ लाख रुपये करण्यांत आली. २०१९ सालीं मुंबईंतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हां आरंभीं प्रत्येक खातेदारास अवघे १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. औषधासाठीं रांगेंत उभीं राहिलेलीं म्हातारीं माणसें पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. सर्व धान्य एकाच कणगींत भरूं नये, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. ठेवीदारास तें सांगावें लागतें.

आजच्या काळांत आणखी एक मोह उत्पन्न झाला आहे. पूर्वीं कर्ज काढावयाचें तर सावकाराच्या ओटीवर बसावें लागे, चार माणसें पाहत, आणि त्या लाजेमुळेंहि पुष्कळ कर्जें टळत. आतां मोबाइलवर बोट टेकविलें कीं कर्ज मंजूर होतें. ‘आतां फिरा, मागाहून फेडा’ अशी जाहिरात तरुणांपुढें रात्रंदिवस नाचत असते. समुद्रकाठचीं चार चित्रें मित्रांस दाखवावयाचीं, आणि त्यांचा हप्ता वर्षभर भरावयाचा! ज्या प्रवासाची आठवण दर महिन्याच्या पहिल्या तारखेस हप्त्याच्या रूपानें येते, तो प्रवास गोड कसा राहील? उलट ज्यानें वर्षभर पैसा साठविला, त्याचा प्रवास निघण्यापूर्वींच सुरू झालेला असतो. तो नकाशा पाहतो, गाडीचें वेळापत्रक काढतो, तेथील इतिहास वाचतो. आणि घरीं परततो तो कोणाचें देणें न लागतां.

माझ्या सूचनेवर एक आक्षेप असा येईल, आणि तो खरा आहे, कीं कित्येक घरीं आठवड्याचे ६० रुपयेहि निघत नाहींत. अशा घरास काटकसरीचा उपदेश करणें ही क्रूरता आहे. ज्याच्या ताटांत एकच भाकरी आहे, त्यास ‘अर्धी उद्यांसाठीं ठेव’ असें सांगणारा मनुष्य शहाणा नव्हे. दारिद्र्य हें उधळेपणाचेंच फळ आहे, असें मी मानीत नाहीं. पुष्कळदां तें अपुऱ्या मजुरीचें फळ असतें, आणि त्यावर उपाय वहीचा नव्हे, मजुरीचा आहे. परंतु म्हणून ज्यांस ६० जमत नाहींत पण २० जमतात, त्यांचे २० आपण कां नाकारावे? त्यानें तीस आठवड्यांत ६०० भरावे, आणि उरलेले १,२०० शाळेच्या निधींतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून गाजावाजा न करितां भरले जावे. पूर्ण फुकट जागा देण्यापेक्षां ही रीत मला अधिक मानाची वाटते. फुकट जागेवर बसलेला मुलगा गाडींत मागें, कोंपऱ्यांत बसतो, हें मीं पाहिलें आहे. आपला वांटा भरलेला मुलगा खिडकीच्या जागेसाठीं भांडतो. तें भांडण मला ऐकावयाचें आहे.

मात्र ही योजना चालवावयाची तर तिचे नियम कडक असावे. रक्कम शिक्षकाच्या खणांत राहूं नये, खात्यांत जावी. प्रत्येक भरण्याची पावती मिळावी. कोणी किती भरले हें वर्गांत मोठ्यानें वाचूं नये, आणि मागें पडलेल्याचें नांव फळ्यावर लिहूं नये. कांहीं कारणानें विद्यार्थी सहलीस आला नाहीं, तर त्याचा पैन् पै परत मिळावा. सहलीचा हिशेब महिन्याच्या आंत सूचनाफलकावर लागावा, आणि शिल्लक उरल्यास ती कोठें गेली हें प्रत्येक पालकास दिसावें. आपणच हिशेब न देतां मुलांस हिशेब शिकवूं पाहणारी शाळा दुसरेंच कांहीं तरी शिकवीत असते.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें साठविलेला पैसा घरांतील अडचणींत परस्पर उचलूं नये. आजारपणासारख्या प्रसंगीं घ्यावाच लागला, तर मुलास सांगून घ्यावा, त्याच्या वहींत ‘घरास उसने’ असें लिहूं द्यावें, आणि जमेल तेव्हां परत करावा. अर्थशास्त्राचा पायाच विश्वास आहे, आणि तो मुलाच्या मनांत बँकेच्या इमारतीनें नव्हे, आईबापांच्या वचनानें घातला जातो.

तात्पर्य काय, तर बचत म्हणजे सुखाचा त्याग नव्हे. सुखाची तारीख ठरविणें होय. जो मुलगा तीस सोमवार ६० रुपये भरून वेरूळचें कैलास लेणें पाहील, त्याला पुढें पंधरा वर्षांचा हप्ता भरून मुलीचें शिक्षण करणें जड जाणार नाहीं. कारण दोन्ही कामांत लागणारा गुण एकच आहे, फक्त मुदत लांबली आहे. शाळेच्या चालकांस माझें एवढेंच मागणें आहे कीं, येत्या जूनमध्यें पहिल्या आठवड्यांत सहलीचा कागद फलकावर लागावा. मग डिसेंबरांत किती मुलांस गाडी लागते, तें आपण मोजून पाहूं.